वाटेवरचें शहर

एखादा गृहस्थ दार्जिलिंग किंवा कामाख्या करून घरीं परतला म्हणजे शेजारीपाजारी त्याला जे प्रश्न विचारतात त्यांत एक हटकून असतो : "वाटेंत कलकत्ता पाहिलें कीं नाहीं?" तो गृहस्थही तितक्याच सहजपणें उत्तर देतो, "पाहिलें कीं! सकाळीं हावड्यास उतरलों, रात्रीं सियालदाहून गाडी होती. मधला सबंध दिवस हातांत होता." विचारणाराचें समाधान होतें, सांगणाराचेंही होतें, आणि संभाषण चहाच्या मळ्यांकडे वळतें. या प्रश्नोत्तरांत कोणालाही कांहीं खटकत नाहीं. परंतु ‘पाहिलें’ या लहानशा क्रियापदावर येथें जें ओझें घातलें आहे तें त्याला पेलतें काय? हा प्रश्न वरवर शब्दाचा दिसला तरी तो नीतीचाही आहे, असें मला वाटतें.

भंडारा जिल्ह्यांतील माणसाला तो इतरांपेक्षां अधिक लागू पडतो. मुंबई आणि कलकत्ता या दोन महानगरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर आमचा जिल्हा वसला आहे. १८६७ सालीं मुंबईकडची गाडी नागपूरपर्यंत आली. पुढें १८८२ च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटरमापी रूळ आमच्या धानाच्या बांध्यांमधून पूर्वेकडे गेले. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें ते रुंद केले. आणि १९०० सालीं हावड्यापर्यंतचा सलग मार्ग खुला झाला. तेव्हांपासून वरठी येथील भंडारा रोड स्टेशनावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या एका हाताला मुंबई आणि दुसऱ्या हाताला कलकत्ता अशी स्थिति आहे, आणि दोन्ही शहरें हजार-हजार किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे जवळ जवळ सारखींच दूर. मुंबईस आम्ही कामानें जातों. तेथें कोणी ना कोणी नातलग असतो, त्याच्या दोन खोल्यांत आमची वळकटी पडते, आणि त्याच्या कपाळावरील आठ्यांवरून मुंबईचा स्वभाव आम्हांला आपोआप कळतो. कलकत्त्यास आमचें कोणी नसतें. २००१ पासून त्या शहराचें सरकारी नांव कोलकाता झालें आहे. पण आमच्या तोंडीं अजून कलकत्ताच बसलें आहे, यावरूनही आमची ओळख किती जुनी व किती उडती आहे तें दिसावें. ज्यास उत्तर बंगालांत किंवा आसामांत जावयाचें तो हावड्यास उतरतो आणि बहुधा सियालदास गाडी बदलतो. मध्यें जो वेळ सांपडतो तेवढेंच त्याचें कलकत्ता.

या मधल्या वेळाचें स्वरूप अलीकडे पालटलें आहे, तेंही येथें सांगितलें पाहिजे. हावडा आणि सियालदा यांत अंतर तीन-चार किलोमीटरांचें. पण तें कापावयाचें म्हणजे पूल, बडाबाजारची गर्दी, हातगाड्या, ट्राम, हमालांच्या हाका या सर्वांतून जावें लागे. शहर टाळूं म्हटलें तरी टळत नसे. २०२४ सालीं हुगळीच्या पात्राखालून भुयारी रेल्वे धांवूं लागली आणि २०२५ सालीं तिचा मधला तुकडा जोडला जाऊन ती हावड्याहून थेट सियालदापर्यंत पोंचली. आतां दहा-बारा मिनिटांत, गार हवेंत, एकही घर न पाहतां माणूस एका स्टेशनाखालून दुसऱ्या स्टेशनाखालीं जाऊं शकतो. पूर्वीं शहर अंगावर येई. आतां तें पाहावयाचें कीं नाहीं हें आपण ठरवितों. जें आपण ठरवितों त्याचा जाब आपल्याला विचारतां येतो.

कांहीं कडक वृत्तीचे लोक म्हणतील कीं, आठ-दहा तासांत शहर पाहून होत नाहीं. तेव्हां पाहूंच नये. प्रतीक्षागृहांत ट्रंकेवर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचीत बसावें, तेंच अधिक प्रामाणिक. या मतांत मला थोडी ऐट दिसते. एकेका शहरीं महिना महिना मुक्काम ठोकून त्याचा स्वभाव न्याहाळणें हें ज्यांना पैशाची आणि रजेची ददात नाहीं त्यांचें भाग्य. तुमसरचा धान्याचा व्यापारी, लाखनीची शिक्षिका, पवनीच्या बाजारांतला कापडवाला यांना कलकत्ता मिळणार तें असेंच, जन्मांत एकदां, दोन गाड्यांच्या मधल्या फटींतून. ज्या बाईच्या तीस वर्षांच्या संसारांत प्रवास म्हणजे माहेर, नागपूरचा दवाखाना आणि भाच्यापुतण्यांचीं लग्नें एवढाच घडला, ती चौरंगीसमोरच्या मैदानावर उभी राहून "केवढें मोकळें हें!" म्हणाली, तर तिला ‘तुम्हीं कांहीं पाहिलेंच नाहीं’ असें ऐकविणाऱ्याची रसिकता काय चुलींत घालावयाची आहे? तिनें पाहिलें तें खरें आहे. त्या मैदानाशेजारीं चाळीस वर्षें कचेरी करणाऱ्या कारकुनाला तें कदाचित् एकदांही दिसलें नसेल. आणि दूर कशाला, भंडाऱ्यांत जन्म काढून ज्यांनीं पवनीचा कोट पाहिला नाहीं असे सद्गृहस्थ मोजावयास घेतले तर वही पुरणार नाहीं. तात्पर्य, मुक्कामाची लांबी हें पाहण्याचें माप नव्हे.

आपल्या परंपरेनें तर हें केव्हांच ओळखलें आहे. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारें तीन आठवडे चालतो, पंढरपुरास पोंचल्यावर रांगेंत कित्येक तास उभा राहतो, आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकें टेकण्यास त्याला जो अवधि मिळतो तो डोळ्याचें पातें लवण्याइतका. मागची रांग त्याला पुढें ढकलते. ज्याला तेवढेंही साधत नाहीं तो मुखदर्शन घेतो. तेंही न साधलें तर कळसाला हात जोडून परत फिरतो. त्याची वारी अपुरी राहिली असें कोणी म्हणत नाहीं. क्षणभराचें पाहणें जर निष्फळ असतें, तर आपल्या सगळ्या यात्रा निष्फळ ठरल्या असत्या.

गंमत अशी कीं, शहर दाखवीत फिरणाऱ्या मोटारींवर नेमका हाच शब्द रंगविलेला असतो. मुंबई-दर्शन, दिल्ली-दर्शन, कलकत्ता-दर्शन! शब्द उचलला, पण त्या शब्दामागचे तीन आठवडे उचलले नाहींत. दर्शनाचा क्षण आखूड असला तरी चालतो, कारण त्याच्या मागें लांबलचक ओढ असते. वारकरी कांहीं अनोळखी वस्तु पाहण्यास जात नाहीं. विटेवरचें तें रूप त्यानें आईच्या तोंडून ऐकलेलें असतें, घरच्या भिंतीवर पाहिलेलें असतें, चालतांना पाऊलपाऊल घोकलेलें असतें. आंत एक अर्धें चित्र तयार असतें. त्या क्षणीं तें पुरें होतें, इतकेंच. मोटारींतला प्रवासी मात्र कोऱ्या मनानें बसलेला असतो. मार्गदर्शक सांगतो "उजवीकडे पाहा", तो उजवीकडे पाहतो. "डावीकडे", तो डावीकडे वळतो. आणि संध्याकाळीं त्याची मान तेवढी दुखते. तेव्हां थोडक्या वेळांत पाहावयाचें तर वेळापेक्षां दुसरेंच कांहीं गांठीं लागतें, आणि तें म्हणजे त्या स्थळाशीं आपला कांहीं ऋणानुबंध. प्रवाशाच्या यादीला हें कळत नाहीं. यादी सर्वांची एकच असते. ऋणानुबंध ज्याचा त्याला शोधावा लागतो.

मग भंडाऱ्याच्या माणसाचें कलकत्त्याशीं काय नातें? बहुतेक जण म्हणतील, कांहींच नाहीं. आपण यादींतूनच जाऊन पाहूं.

हावड्यास बाहेर पडतांच तो प्रसिद्ध पूल समोर येतो. १९६५ पासून त्याला रवींद्र-सेतु असें नांव आहे. दोन्ही कांठांवरील मनोऱ्यांमध्यें ४५७ मीटरांचें अंतर, पात्रांत एकही खांब नाहीं, सुमारें साडेसव्वीस हजार टन पोलाद. हें सर्व वाचून ठेवलें नाहीं तरी डोळ्यांना त्याचा दरारा कळतो. १९४३ च्या फेब्रुवारींत, महायुद्धाच्या धामधुमींत, कसलाही समारंभ न करतां तो वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षीं बंगालांत भीषण दुष्काळ पडला. सुमारें तीस लाख माणसें मेलीं, असा एक अंदाज आहे. खेड्यांतून भाताची पेज मागत आलेलीं माणसें याच शहराच्या पदपथांवर पडून राहिलीं. पूल दिसतो, दुष्काळ दिसत नाहीं. भात हेंच ज्यांचें अन्न आणि भात हेंच ज्यांचें पीक अशा आमच्या जिल्ह्यांतल्या माणसाला त्या पदपथावरून चालतांना कांहीं वाटावें अशी अपेक्षा करणें मला तरी फार वाटत नाहीं.

कालीघाट आणि व्हिक्टोरिया स्मारक यांविषयीं अधिक लिहीत नाहीं. पहिल्या ठिकाणीं भाविकाला कोणाच्या सल्ल्याची गरज नसते. दुसरें १९२१ सालीं पुरें झालें. मकराण्याचा पांढराशुभ्र संगमरवर आहे, बाग आहे, आणि मुलांना पळावयास जागा आहे.

चौरंगीवरच्या पदार्थसंग्रहालयांत मात्र थांबलें पाहिजे. १८१४ सालीं स्थापन झालेला हा संग्रह आपल्या देशांतला सर्वांत जुना. तेथें आलेला घाईचा प्रवासी सामान्यतः इजिप्तची ममी आणि हत्तीचा सांगाडा पाहून बाहेर पडतो, कारण तीं पाहिलीं असें घरीं सांगतां येतें. त्याच इमारतींत भरहुतचें दालन आहे. आजच्या मध्य प्रदेशांतील सतना जिल्ह्यांत भरहुत येथें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत एक मोठा स्तूप होता. १८७३ सालीं कनिंगहॅम तेथें पोंचला तेव्हां आसपासच्या लोकांनीं घरें बांधण्यासाठीं त्याच्या विटा आणि दगड बहुतेक नेले होते; जें कठड्याचें काम उरलें तें कलकत्त्यास आणून उभें केलें. तांबूस दगडावर यक्ष, यक्षी, नाग, बोधिवृक्ष, जातककथांतले प्रसंग कोरलेले. आणि खालीं ब्राह्मी अक्षरांत त्या प्रसंगांचीं नांवें, तसेंच ज्यांनीं खांब दिला, ज्यांनीं सूचि दिली, त्या साध्या माणसांचींही नांवें. मोठ्या राजाच्या प्रशस्तीपेक्षां अशा नांवांतून त्या काळाचा माणूस अधिक जवळ येतो, असा माझा अनुभव आहे.

आतां हें पाहणारा भंडाऱ्याचा असेल तर? वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या आमच्या पवनीस १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठानें आणि पुरातत्त्व खात्यानें शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखालीं उत्खनन केलें. जगन्नाथ टेकडी आणि हरदोलाला टेकडी यांखालीं विटांचे दोन प्रचंड स्तूप निघाले. तेथेंही दगडी कठड्याचे खांब मिळाले, त्यांवर बोधिवृक्ष, मुचलिंद नाग, आणि ब्राह्मी अक्षरांत दात्यांचीं नांवें. काळ भरहुतच्या जवळचा, शैलीही त्याच कुळांतली. म्हणजे ज्या दालनासमोरून आमचा प्रवासी ‘हे फुटके दगड’ म्हणून निघून गेला, त्या दगडांचे भाऊबंद त्याच्या घरापासून मोटारीच्या तासा-दीड तासाच्या वाटेवर आहेत. त्यानें पवनी पाहिली असती तर भरहुत त्याला अर्ध्या तासांत पाहतां आलें असतें. आणि पवनी पाहिली नसली तरी भरहुतसमोर अर्धा तास उभा राहिला असता तर परतल्यावर पवनीला जाण्याची बुद्धि झाली असती. दूरचें पाहण्याचें एक सार्थक हेंच कीं तें जवळच्यावरची धूळ झाडतें.

हा ऋणानुबंध सुखाचा झाला. दुसरा तितका सुखाचा नाहीं. पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

सियालदा स्टेशन ज्या रस्त्यावर आहे त्याचें आजचें नांव आचार्य प्रफुल्लचंद्र रोड. दक्षिणेस तोच पुढें आचार्य जगदीशचंद्र बोस रोड होतो. जुनें नांव सर्क्युलर रोड. हा वळणाचा रस्ता तेथें कां आला? तर तेथें एक खंदक होता म्हणून. १७४२ सालीं कलकत्त्याच्या लोकांनीं आणि ईस्ट इंडिया कंपनीनें शहराभोंवतीं सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. तीन मैल खणून झाले आणि काम थांबलें, कारण ज्यांच्या भीतीनें तो खणला ते आलेच नाहींत. पुढें तो बुजला आणि त्याच्या रेषेवर रस्ता झाला. त्या खंदकाचें नांव मराठा खंदक. बागबाजारांत आजही एका गल्लीला तें नांव आहे.

आणि हे मराठे कोणते? पुण्याचे नव्हेत, नागपूरचे. रघूजी भोसल्यांचे. आमचा वैनगंगेचा मुलूख ज्यांच्या राज्यांत होता त्यांचे. रघूजींचा कारभारी भास्करराम कोल्हटकर रतनपूरचें राज्य पादाक्रांत करून १७४२ सालीं बंगालांत उतरला. १७४४ सालीं अलिवर्दीखानानें भेटीस बोलावून त्याला दग्यानें मारिलें. तरी स्वाऱ्या चालूच राहिल्या, आणि १७५१ च्या तहांत ओरिसाचा मुलूख आणि सालिना बारा लक्षांची चौथ भोसल्यांच्या पदरांत पडली. आमच्या इतिहासांत हें पराक्रमाचें प्रकरण आहे, आणि दूरवर मोहीम नेण्याचें धाडस त्यांत होतें हें खरें. पण बंगालांत त्याच दहा वर्षांची आठवण निराळ्या नांवानें राहिली आहे. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारांतून मिळे तो आमचा बारगीर. त्या शब्दाचें तिकडे बर्गी झालें. गंगाराम नांवाच्या कवीनें त्याच काळांत ‘महाराष्ट्र-पुराण’ लिहून त्यांत जळालेलीं गांवें आणि पळणारीं माणसें यांचें वर्णन केलें. आणि रडतें मूल निजवितांना बंगाली आई जें अंगाईगीत म्हणते त्यांतही बर्गी येतात. पावणेतीनशें वर्षें झालीं. राज्यें गेलीं, खंदक गेला, पाळण्यावरचें गाणें तेवढें राहिलें आहे.

सियालदाच्या बाहेर टॅक्सीला पैसे मोजीत उभ्या असलेल्या आमच्या प्रवाशाला हें ठाऊक असेल तर त्याच्या पायांखालचा डांबरी रस्ता क्षणांत खोल होईल. येथें यादींत कांहीं नाहीं. पाहावयासही कांहीं नाहीं. ना शिळा, ना फलक. केवळ मोटारींची रांग. तरीही मी म्हणेन कीं भंडाऱ्याच्या माणसानें कलकत्त्यांत एकच स्थळ पाहावयाचें ठरविलें तर तें हें असावें. अन्य स्थळीं आपण शहराकडे पाहतों. येथें शहर आपल्याकडे पाहतें. आपल्या पूर्वजांच्या शौर्याची दुसरी बाजू कोणाच्या तरी मुलाच्या झोपेंत शिरली होती, हें आपल्या गांवीं बसून कळत नाहीं. तें ऐकून लाजेनें मान खालीं घालावी असें मी म्हणत नाहीं. आठराव्या शतकांतल्या चौथाईचा हिशेब आजच्या कापडवाल्यानें चुकता करावा ही मागणी हास्यास्पद होईल. शिवाय कलकत्त्यानेंही तेवढेंच धरून ठेवलें नाहीं. मराठी कुळांत जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनीं तेथें बंगालींत शिवचरित्र सांगितलें; १९०४ सालीं रवींद्रनाथांनीं ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली; १९०६ सालीं टिळक त्या उत्सवासाठीं कलकत्त्यास गेले. ज्या शहरानें मराठ्यांच्या भीतीनें खंदक खणला त्यानेंच मराठ्यांच्या राजाचा उत्सव केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच मनांत ठेवणें कठीण असलें तरी ठेवणें प्राप्त आहे.

आतां परतल्यानंतरच्या बोलण्याविषयीं. पाहणें आपल्यापुरतें असतें. सांगणें दुसऱ्यापर्यंत जातें, आणि अनीति शिरावयाची ती बहुधा येथें शिरते. न्यायासनापुढें साक्षीदाराला विचारतात, ‘तुम्हीं स्वतः काय पाहिलें?’ जेवढें पाहिलें त्याहून अधिक जो सांगतो त्याच्या साक्षीवरचा विश्वास डळमळतो. प्रवाशाला असा उलटतपास घेणारा कोणी नसतो. कालीघाटचा एक पंडा आणि एक उर्मट टॅक्सीवाला यांच्या जोरावर तो "बंगाली माणूस असा असतो" हें सिद्ध करतो, आणि ऐकणारे माना डोलवितात. गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलें तें त्या शहरांत आयुष्य घालवून. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, अडीच वर्षांहून अधिक राहिल्या, शाळा, तुरुंग, कारखाने हिंडल्या, आणि मग १८८९ सालीं त्यांनीं तेथील लोकस्थितीवर पुस्तक लिहिलें. तें वाचतांना लेखिकेनें डोळे किती उघडे ठेवले होते हें पानोपानीं जाणवतें. आमच्या प्रवाशाला मात्र मत बनविण्यास एक दुपार पुरते. आणि हाच अन्याय आपल्यावर झाला म्हणजे आपण केवढे चिडतों! झाडीपट्टींत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्ररात्र नाटकें चालतात. एखादा पाहुणा पुण्याहून येतो, तासभर बसतो, डांस चावले म्हणून उठून जातो, आणि पुढें कोठें तरी लिहितो कीं, ही रंगभूमि म्हणजे नुसता आरडाओरडा. पहांटे तीन वाजतां, थंडींत घोंगडी पांघरून बसलेल्या हजार माणसांना ज्या प्रवेशानें रडविलें तो त्यानें पाहिलेलाच नसतो. त्यानें तासभर पाहिलें असें लिहिलें असतें तर आमची तक्रार नव्हती.

मराठी व्याकरणांत यासाठीं चांगली सोय आहे. ‘मीं कलकत्ता पाहिलें’ यांत क्रिया संपली, हिशेब मिटला. ‘मी कलकत्ता पाहत होतों, इतक्यांत गाडीची वेळ झाली’ यांत क्रिया अपुरी आहे आणि खरी आहे. पण असें बोलणारा मनुष्य बैठकींत फिका पडतो, हेंही खरें.

एक अवघड प्रसंग उरला. कलकत्त्याच्या कांहीं गल्ल्यांतून माणसानें ओढावयाच्या रिक्षा अजून दिसतात. २००६ सालीं तेथील विधानसभेनें त्या बंद करण्याचा कायदा केला. पण तो पुरता अमलांत आला नाहीं. ओढणारे पुष्कळसे बिहारांतून पोटासाठीं आलेले. प्रवाशापुढें प्रश्न उभा राहतो, बसावें कीं न बसावें? एक म्हणतो, माणसानें माणसाला ओढणें हें पाप. दुसरा म्हणतो, तुम्ही बसला नाहीं तर त्याची चूल पेटणार नाहीं. दोघांचेंही म्हणणें वजनदार आहे, आणि हा वाद आठ तासांत सुटणारा नाहीं. परंतु एक भेद मला स्पष्ट दिसतो. गुडघाभर पावसाचें पाणी साचलें आहे, म्हातारी आई बरोबर आहे, आणि कोणी रिक्षा करून तिला स्टेशनापर्यंत नेतो. तो गिऱ्हाईक झाला. ठरलेलें भाडें देईल, कदाचित् दोन शब्द बोलेल, आणि ओढणारा त्या दोन शब्दांपुरता तरी त्याच्याशीं समान राहील. दुसरा कोणी कोठेंही जावयाचें नसतांना, केवळ छायाचित्र काढून घरीं दाखविण्यासाठीं त्या रिक्षेंत चढतो. त्यानें पैसे दुप्पट दिले तरी त्यानें माणसाचा देखावा केला. पहिल्याला बसण्यास मी हरकत घेणार नाहीं. दुसऱ्यानें ममी पाहावी. तिला कांहीं वाटत नाहीं.

सियालदाचे फलाटही यादींत नसतात, पण रात्रींच्या गाडीसाठीं तेथें तास-दोन तास काढावे लागतातच. देशाची फाळणी झाल्यावर पूर्व बंगालांतून आलेलीं हजारों कुटुंबें याच स्टेशनांत उतरलीं आणि पुढें जावयास ठिकाण नसल्यामुळें तेथेंच राहिलीं. चुली, बाळंतपणें, मरणें सगळें तेथें झालें. महिनेच्या महिने, कित्येकांचीं वर्षें, त्यांचाही मुक्काम दोन गाड्यांच्या मध्यें होता. फरक इतकाच कीं दुसरी गाडी नव्हती. त्यांच्यांतल्या कांहींना पुढें दंडकारण्यांत, आमच्या शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील रानांत जमिनी मिळाल्या, आणि आज तिकडच्या बाजारांत बंगाली ऐकूं येतें. भंडाऱ्याच्या माणसाला कलकत्त्यास आपलें कोणी नाहीं असें वाटतें. पण कलकत्त्याच्या फलाटावरून निघालेलीं माणसें त्याच्या शेजारीं येऊन किती तरी वर्षें झालीं.

आणि ज्या गाड्या आम्हांला तिकडे नेतात त्याच गाड्या तिकडच्या माणसांना मुंबईकडे घेऊन येतात. त्यांच्या वाटेवर आमचें गांव लागतें. वरठीच्या स्टेशनांत गाडी थांबली तर मिनिट-दोन मिनिटें थांबते, नाहीं तर नुसतीच धडधडत जाते. खिडकीशीं बसलेल्याला दिसतें तें एवढें : पिवळ्या पाटीवरचीं काळीं अक्षरें, पोलादाच्या कारखान्याचे दिवे, दूरवर तळ्यांचें चकाकणारें पाणी, आणि पावसाळा असेल तर चिखलांत वांकून रोवणी करणाऱ्या बायकांची रांग. त्याच्या लेखीं भंडारा तो हाच. वरच्या बांकावर त्याचें मूल झोपलेलें असतें. नागपुराहून रतनपुराकडे जावयाचें म्हणजे वैनगंगा ओलांडावी लागते. बारगिरांचे घोडे ती ओलांडून पूर्वेकडे गेले. गाडी त्याच नदीच्या पुलावरून उलट दिशेनें जात असते, आणि मूल कुशीवर वळून पुन्हां झोपतें.